भाड्याच्या घराचा तोटा पुढच्या वर्षी नेता येतो का? ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला की आमच्याकडे रिटर्नची गर्दी सुरू होते. टार्नीट, पॉइंट कुक, ब्लॅकटाउन, पॅरामाटा, कुठलीही मंडळी असोत, भाड्याने दिलेलं एखादं घर असलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गेल्या वर्षीचा तोटा शिल्लक असेल ना, तो यंदा टाका." दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत तसा तोटा शिल्लकच नसतो, कारण तो गेल्याच वर्षी पगारातून वळता झालेला असतो. उरलेल्या एकाचा खरोखर शिल्लक असतो आणि नेमकं त्यालाच ते माहीत नसतं. म्हणून हे पान. यातले दर आणि मर्यादा ३० जून २०२५ रोजी संपलेल्या, म्हणजे २०२४-२५ या वर्षाच्या आहेत आणि रक्कम ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहे.

निगेटिव्ह गिअरिंग म्हणजे नेमकं काय?

कर्ज काढून घर घेतलं, भाड्याने दिलं आणि वर्षाच्या शेवटी व्याज व इतर खर्च भाड्यापेक्षा जास्त झाले, तर ते घर निगेटिव्हली गिअर्ड. ऑस्ट्रेलियात हा तोटा तुमच्या पगारातून किंवा इतर उत्पन्नातून त्याच वर्षी वजा होतो.

एक हिशोब मांडू. ६ लाखांचं फक्त व्याज भरायचं कर्ज, दर ६ टक्के, म्हणजे व्याज ३६,०००. कौन्सिल रेट्स (पालिकेची घरपट्टी) १,९००, पाणीपट्टी ९००, विमा १,६००, एजंटची फी १,८००, दुरुस्ती १,३०० आणि इमारतीच्या बांधकामाची वजावट (बांधकाम खर्चाचा दर वर्षी वजा होणारा ठरावीक हिस्सा) ६,५००. एकूण खर्च ५०,०००. भाडं आठवड्याला ५५०, मध्ये दोन आठवडे घर रिकामं, म्हणजे २७,५००. तोटा २२,५००.

तुमचा पगार ९५,००० असेल तर करपात्र उत्पन्न ७२,५०० वर येतं. या पट्ट्यात कर ३० टक्के आणि मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा कर) २ टक्के, म्हणजे ७,२०० डॉलर वाचतात. आता दुसरी बाजू पाहा. बांधकामाच्या वजावटीसाठी यंदा खिशातून पैसे गेले नाहीत, ते बाजूला काढले तरी रोख १६,००० गेले. सरकारकडून ७,२०० परत आले. उरलेले ८,८०० तुमचे गेले ते गेले. घराची किंमत त्याहून जास्त वाढली तरच हा व्यवहार फायद्याचा. "टॅक्स वाचतो म्हणून घर घेतोय" असं कोणी म्हणालं की मी हाच कागद पुढे ठेवते.

मग माझा तोटा पुढच्या वर्षी जातो का?

वरच्या उदाहरणात नाही. २२,५०० पूर्णच्या पूर्ण पगारातून वजा झाले. पुढे न्यायला काही उरलंच नाही.

एकट्या घराचा तोटा असा पुढे जातच नाही. पुढे जातो तो तुमच्या संपूर्ण वर्षाचा तोटा. पगार, व्याज, लाभांश, व्यवसायाचा नफा, भाडं हे सगळं उत्पन्न एका बाजूला आणि सगळ्या वजावटी दुसऱ्या बाजूला ठेवा. वजावटी जास्त भरल्या आणि आकडा शून्याच्या खाली गेला, तर जेवढा खाली गेला तेवढाच "टॅक्स लॉस". करमुक्त उत्पन्न काही असेल तर ते आधी त्यातून वजा होतं, मग उरलेला तोटा पुढच्या वर्षांत नेता येतो.

आकडा शून्याच्या वर राहिला, भले एक डॉलरने का होईना, तर पुढे न्यायला काहीही नाही.

असा शून्याच्या खाली कोण जातं?

ज्यांच्या नावावर घर आहे पण त्या वर्षी पगार नाही किंवा अगदी थोडा आहे, ते. बाळंतपणानंतर बिनपगारी रजेवर असलेली आई. नोकरी गेलेला माणूस. पूर्णवेळ शिकायला परत गेलेली व्यक्ती. निवृत्त झालेले आणि सुपरमधून (निवृत्तीसाठीच्या बचत फंडातून) करमुक्त पेन्शन घेणारे. भारतात परत गेलेले, पण इथलं घर ठेवलेले. आपल्या समाजात पहिला आणि शेवटचा प्रकार सर्वांत जास्त दिसतो, म्हणून त्या दोन्हींवर खाली सविस्तर लिहिलं आहे.

दान आणि सुपरमध्ये स्वतःहून भरलेली रक्कम यांच्या वजावटीने उत्पन्न फार तर शून्यापर्यंत आणता येतं. त्यांच्या जोरावर तोटा तयार करता येत नाही.

घर दोघांच्या नावावर आहे. बायको रजेवर आहे, तर सगळा तोटा नवऱ्याच्या रिटर्नमध्ये टाकू का?

नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो, आणि उत्तर ऐकून चेहरे इतके उतरतात, की घर घेण्याआधीच कोणी तरी हे सांगायला हवं होतं असं दर वेळी वाटतं.

भाडं आणि खर्च मालकी हक्काच्या प्रमाणातच वाटले जातात. टायटलवर, म्हणजे मालकीच्या नोंदीवर, दोघं जॉइंट टेनंट्स (इथे भाडेकरू नव्हे, समान हक्काचे मालक) असाल तर निम्मं निम्मं. टेनंट्स इन कॉमन (ठरवलेल्या हिश्शांचे मालक) असाल तर टायटलवर लिहिलेल्या हिश्शाप्रमाणे. हप्ता कोणाच्या खात्यातून जातो याने फरक पडत नाही. आपसात "सगळा तोटा तुझा" असं लिहून घेतलं तरी टॅक्स ऑफिस ते मानत नाही.

वरचंच घर निम्म्या निम्म्या हक्काचं समजा. प्रत्येकाच्या वाट्याला ११,२५० चा तोटा. नवऱ्याचा पगारातून वजा झाला. बायकोला वर्षात फक्त ६,००० पगार मिळाला होता. ६,००० मधून ११,२५० गेले, म्हणजे शून्याच्या खाली ५,२५०. हा तिचा टॅक्स लॉस. पुढच्या वर्षी ती ७०,००० पगारावर परतली की करपात्र उत्पन्न ६४,७५० धरलं जाईल आणि १,६८० डॉलर वाचतील. हे पैसे तिचेच. नवऱ्याच्या रिटर्नमध्ये त्यांना जागा नाही.

यातून निघणारा सल्ला एकच: टायटलवर कोणाचं नाव किती टक्के घालायचं हे सह्या करण्याआधी ठरवा. नंतर बदलायचं तर मालकी हस्तांतर होतं, त्यावर भांडवली नफ्याचा हिशोब येतो आणि राज्याप्रमाणे स्टँप ड्यूटीही लागू शकते. येत्या दोन-तीन वर्षांत मूल, शिक्षण किंवा आई-वडिलांसाठी लांब सुट्टी असा काही बेत असेल तर तोही त्या बैठकीत बोला. आणि फक्त तोट्याकडे पाहून सगळा हिस्सा जास्त पगारवाल्याच्या नावावर टाकू नका. घर विकताना नफाही त्याच्याच डोक्यावर येतो, तोही त्याच्या वरच्या दराने.

पगार २०,००० होता. तोटा वजा झाला, पण मला तसाही कर लागत नव्हता. मग तोटा वाया गेला का?

हो, वाया गेला. या विषयातली ही सगळ्यात बोचरी जागा.

१८,२०० पर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. कमी उत्पन्नवाल्यांना ७०० डॉलरची करसवलत मिळते, त्यामुळे साधारण २२,५०० पर्यंत प्रत्यक्षात कर शून्यच राहतो. मेडिकेअर लेव्हीही एकट्या व्यक्तीला २७,२२२ च्या खाली लागत नाही. आता तुमचा पगार २०,००० आणि तोट्यातला वाटा ११,२५०. करपात्र उत्पन्न ८,७५०. आकडा शून्याच्या वर, म्हणून पुढे न्यायला काही नाही. आणि तोटा नसता तरी २०,००० वर कर शून्यच होता. म्हणजे ११,२५० च्या तोट्याने एक डॉलरही वाचवला नाही.

"मग मी यंदा तोटा दाखवतच नाही, पुढच्या वर्षी दाखवते" असं करता येत नाही. खर्च ज्या वर्षाचा, त्या वर्षातच वजा धरला जातो.

त्यातही बांधकामाच्या वजावटीचं दुखणं वेगळं आहे. ती रक्कम घर विकताना खरेदी किमतीतून कमी केली जाते, म्हणजे नफा तेवढा वाढतो. ज्या वर्षी या वजावटीने कर वाचला नाही, त्या वर्षीची रक्कमही विक्रीच्या वेळी हिशोबात येतेच.

पुढे नेलेला तोटा मी जपून ठेवू शकते का? जास्त पगाराच्या वर्षी वापरेन.

व्यक्तीला ही मुभा नाही. पहिली संधी येताच तोटा वापरावाच लागतो, आणि आधीच्या वर्षाचा तोटा आधी. तुम्ही रिटर्नमध्ये लिहिला नाही म्हणून तो शिल्लक राहत नाही. कायद्याच्या नजरेत तो त्या वर्षीच संपला.

म्हणून वरच्या बाईंनी पुढच्या वर्षी आठवड्याला दोन दिवस काम करून १५,००० कमावले, तर ५,२५० चा तोटा त्यातच खपेल, आणि त्या १५,००० वर तसाही कर नव्हता. तेव्हा कामावर परतण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर तोही विचार करा. फक्त करासाठी बाळाला लवकर पाळणाघरात ठेवा असं मी कधीच सांगणार नाही. पण मे महिन्यात परत जायचं की जुलैत, हे दोन्ही सारखंच सोयीचं असेल तर जुलै बरा.

एखाद्या वर्षी किती तोटा वापरायचा हे निवडण्याची सोय कंपन्यांना आहे, व्यक्तींना नाही.

किती वर्षं पुढे नेता येतो?

कालमर्यादा नाही. वापरून संपेपर्यंत तो चालतो. भारतात घराच्या उत्पन्नातला तोटा आठ वर्षांनी बाद होतो, त्यामुळे अनेकांच्या डोक्यात तोच आकडा बसलेला असतो. इथे तो लागू नाही.

मात्र दोन गोष्टींनी तोटा कायमचा संपतो. दिवाळखोरीत गेलात तर त्याआधीचा तोटा नंतर वापरता येत नाही. आणि माणूस गेला की त्याचा तोटाही त्याच्याबरोबर जातो. वारसांना घर मिळतं, तोटा मिळत नाही.

कॅपिटल लॉस आणि हा तोटा एकच का?

एकच नाहीत, आणि यांची गल्लत महागात पडते.

शेअर किंवा घर खरेदीपेक्षा कमी किमतीत विकलं तर होतो तो भांडवली तोटा. तो फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो, पगारातून कधीच नाही. भाड्याच्या घराच्या चालू खर्चांतून निर्माण झालेला टॅक्स लॉस मात्र कोणत्याही करपात्र उत्पन्नातून वजा होतो, आणि करपात्र उत्पन्नात निव्वळ भांडवली नफाही आला.

दोघांचा क्रम वेगळा आहे आणि पैशाचा फरक तिथेच पडतो. समजा घर विकून १,६०,००० नफा झाला आणि घर एक वर्षाहून जास्त तुमच्याकडे होतं, म्हणून ५० टक्के सवलत आहे. तुमच्याकडे ४८,००० चा भांडवली तोटा असेल तर तो सवलतीच्या आधी वजा होतो: १,१२,००० उरले, त्याचे निम्मे ५६,००० करपात्र. तेच ४८,००० टॅक्स लॉस असतील तर सवलत आधी लागते: नफा ८०,०००, त्यातून ४८,००० गेले, करपात्र फक्त ३२,०००. रक्कम तीच, पण टॅक्स लॉसचं वजन दुप्पट.

तेव्हा जुन्या रिटर्नमध्ये "लॉस" असं काही लिहिलेलं दिसलं तर तो कोणता लॉस, हे आधी विचारा.

कोणते खर्च धरता येतात? यादी द्या ना.

सरळ असलेले लवकर संपवते: कर्जाचं व्याज, मुद्दल नाही. कौन्सिल रेट्स, पाणी, विमा, एजंट, बॉडी कॉर्पोरेट (सोसायटीचा मेंटेनन्स), जाहिरात, खरी दुरुस्ती. लँड टॅक्सही, आणि व्हिक्टोरियात २०२४ पासून त्याची मर्यादा ३ लाखांवरून ५० हजारांवर आल्यामुळे अनेकांना पहिल्यांदाच ते बिल आलं आहे, ते विसरू नका. कर्ज उभं करण्याचा खर्च १०० डॉलरहून जास्त असेल तर तो पाच वर्षांत विभागून. १५ सप्टेंबर १९८७ नंतर बांधकाम सुरू झालेल्या घराच्या बांधकाम खर्चाचे वर्षाला अडीच टक्के, ४० वर्षं.

चुका होतात त्या पुढच्या गोष्टींत.

रीड्रॉ, म्हणजे कर्जात जादा भरलेले पैसे परत काढणं. भाड्याच्या घराच्या कर्जातून पैसे काढून साताऱ्यातलं आई-वडिलांचं घर दुरुस्त केलं, किंवा बहिणीच्या लग्नाला पाठवले. कर्ज भाड्याच्या घराचंच आहे हे खरं, पण काढलेल्या पैशाचा उपयोग खासगी झाला, त्यामुळे तेवढ्या भागाचं व्याज वजा होत नाही. आणि नंतर त्या खात्यात भरलेला प्रत्येक डॉलर दोन्ही भागांत वाटला जातो, त्यामुळे हिशोब वर्षानुवर्षं गुंतत जातो. घरच्यांना पैसे पाठवू नका असं मी म्हणत नाही, ते आपलं कर्तव्यच आहे. वेगळं खातं उघडून पाठवा.

नातेवाईकाला कमी भाड्याने. धाकटा भाऊ नवा आला आहे, त्याला बाजारभावाच्या निम्म्या भाड्यात घर दिलं. चांगलं केलंत. पण मग खर्च साधारण मिळालेल्या भाड्याइतकाच धरता येतो, तोटा दाखवता येत नाही.

जुनं सामान. ९ मे २०१७ च्या संध्याकाळनंतर घेतलेल्या जुन्या राहत्या घरातला आधीपासूनचा कार्पेट, एसी, पडदे यांचा घसारा व्यक्तींना मिळत नाही. तुम्ही स्वतः नवं बसवलंत तर मिळतो.

प्रवास. घर पाहायला ब्रिस्बेनला जाऊन आलात, तो खर्च १ जुलै २०१७ पासून बंद आहे.

मोकळा प्लॉट. घर बांधायचंच आहे म्हणून घेतलेल्या जमिनीवरचं व्याज १ जुलै २०१९ पासून व्यक्तींना वजा करता येत नाही. ते खरेदी किमतीत मिळवून ठेवा, विकताना उपयोगी पडेल. घर बांधून ते खरोखर भाड्यासाठी खुलं झालं की त्यानंतरचे खर्च सुरू.

पुण्यात फ्लॅट आहे. त्याच्या कर्जाचा तोटा इथल्या पगारातून वजा होतो का?

तुमच्या व्हिसावर अवलंबून आहे.

तुम्ही पीआर (कायमच्या वास्तव्याचा व्हिसा असलेले) किंवा नागरिक असाल आणि करासाठी ऑस्ट्रेलियाचे रहिवासी असाल तर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, पुण्याचं भाडंही. तसंच त्याचा तोटाही इथल्या पगारातून वजा होतो. पूर्वी परदेशातला तोटा वेगळ्या कप्प्यात ठेवावा लागे, १ जुलै २००८ पासून ती अट गेली. हिशोब मात्र इथल्या नियमांनी करायचा: जुलै ते जून, प्रत्यक्ष झालेले खर्च. भारतात भाड्यातून सरसकट मिळणारी ३० टक्के वजावट इथे चालत नाही. भाडं नफ्यात असेल आणि भारतात कर भरला असेल तर त्याचं श्रेय इथे मिळतं.

तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असाल, आणि जोडीदारही पीआर किंवा नागरिक नसेल, तर बहुधा तुम्ही तात्पुरते रहिवासी. मग पुण्याचं भाडं इथे करपात्र नाही आणि म्हणूनच त्याचा तोटाही इथे चालत नाही. पीआर मिळाल्यावर मागच्या वर्षांचा तोटा आणता येत नाही. एक गोष्ट मात्र आठवणीने करा: पीआरमुळे तात्पुरतं रहिवासीपण संपलं की इथल्या करासाठी तो फ्लॅट त्या दिवसाच्या बाजारभावाने घेतला असं धरतात. तेव्हाच पुण्यात व्हॅल्युएशन करून कागद जपून ठेवा. पंधरा वर्षांनी तो दिवस शोधत बसणं फार कठीण जातं.

आम्ही भारतात परत आलो, मेलबर्नचं घर भाड्याने आहे. तोट्याचं काय होतं?

खऱ्या अर्थाने तोटा पुढे जातो तो तुमचाच. इथे पगार नाही, फक्त भाडं, आणि खर्च त्याहून जास्त. दर वर्षीचा तोटा साठत जातो. अनिवासी माणसाला १८,२०० ची करमुक्त मर्यादा नाही, त्यामुळे वर सांगितलेलं "वाया जाणं"ही तुमच्या बाबतीत होत नाही. उलट घर नफ्यात गेलं की पहिल्या डॉलरपासून ३० टक्के कर लागतो, तेव्हा साठवलेला तोटा आधी कामी येतो.

उदाहरणार्थ, दोघांच्या नावावर घर, प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला ७,००० चा तोटा, चार वर्षांत २८,०००. घर विकलं त्या वर्षी प्रत्येकाच्या निव्वळ नफ्यातून हे २८,००० वजा होतात. यासाठी दर वर्षी इथलं रिटर्न भरायला हवं. "कर तर नाहीच, मग कशाला" म्हणून थांबलेले लोक विक्रीच्या वेळी चार वर्षांची बिलं गोळा करत बसतात, आणि तोवर एजंट बदललेला असतो.

विकण्याआधी तीन गोष्टी माहीत असू द्या. अनिवासी असतानाच्या काळापुरती ५० टक्के सवलत मिळत नाही, ही अट ८ मे २०१२ नंतरच्या काळासाठी आहे. तुम्ही आधी त्या घरात राहत होतात तरी अनिवासी असताना विकलंत तर राहत्या घराची करमाफी सहसा मिळत नाही, गंभीर आजारपणासारखे मोजके अपवाद सोडून. आणि १ जानेवारी २०२५ पासूनच्या करारांत खरेदीदाराला अनिवासी विक्रेत्याच्या किमतीतले १५ टक्के कापून टॅक्स ऑफिसला भरावे लागतात, घराची किंमत कितीही असो. ते तुमच्या अंतिम करात जमा होतात, पण व्यवहाराच्या दिवशी हातात कमी पैसे येतात, तेव्हा पुण्यातल्या नव्या घराचा हप्ता त्या भरवशावर ठरवू नका.

भारतात पुन्हा पूर्ण रहिवासी झालात की मेलबर्नचं भाडं तिथल्या रिटर्नमध्येही दाखवावं लागतं आणि तिथला हिशोब तिथल्या नियमांनी होतो. दोन देशांतले तोट्याचे आकडे जुळणार नाहीत. ते जुळवायचा प्रयत्नही करू नका.

तोट्यामुळे उत्पन्न कमी दिसतं. मग चाइल्ड केअर सबसिडी वाढेल का?

वाढणार नाही. चाइल्ड केअर सबसिडी, फॅमिली टॅक्स बेनिफिट, विद्यार्थी कर्जाची परतफेड, मेडिकेअर लेव्ही सरचार्ज या सगळ्यांसाठी त्या वर्षीचा निव्वळ गुंतवणूक तोटा उत्पन्नात परत मिळवला जातो. सेंटरलिंकला (हे सरकारी भत्ते देणारं कार्यालय) उत्पन्नाचा अंदाज देताना पगारातून तोटा वजा करून आकडा सांगितलात तर वर्षाच्या शेवटी वसुलीचं पत्र येतं. अशी पत्रं घेऊन रडकुंडीला आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. अंदाज तोटा मिळवूनच द्या.

ट्रस्ट किंवा कंपनीत घर घेतलं तर?

तोटा तिथेच अडकतो. फॅमिली ट्रस्टमधून नफा वाटता येतो, तोटा वाटता येत नाही. तो पुढच्या वर्षांत ट्रस्टच्याच उत्पन्नातून वजा होतो, त्यालाही कसोट्या आहेत. कंपनीचंही तसंच, मालकी किंवा व्यवसाय बदलला तर प्रश्न येतात. सेल्फ मॅनेज्ड सुपर फंडातल्या घराचा तोटा फंडातच राहतो, तुमच्या पगाराला शिवत नाही. पगारातून तोटा वजा करणं हाच हेतू असेल तर ट्रस्टचा सल्ला देणाऱ्याला आधी एवढंच विचारा: "तोटा माझ्या रिटर्नमध्ये कसा येणार?"

ऑकलंडचा भाऊ म्हणतो, तोटा पगारातून वजाच होत नाही. कोण बरोबर?

दोघंही, आपापल्या देशात. न्यूझीलंडने १ एप्रिल २०१९ पासून घरभाड्याचा तोटा वेगळ्या कप्प्यात टाकला. तो पुढच्या वर्षांच्या घरांच्याच उत्पन्नातून वजा होतो.

ऑस्ट्रेलियानेही हे एकदा करून पाहिलं आहे. १९८५ च्या जुलैमध्ये बॉब हॉक यांच्या सरकारने, पॉल कीटिंग खजिनदार (म्हणजे अर्थमंत्री) असताना, तोटा फक्त भाड्याच्याच उत्पन्नातून वजा होईल असा नियम केला आणि उरलेला पुढे न्यायला सांगितलं. १९८७ मध्ये तो मागे घेतला. २०१६ आणि २०१९ च्या निवडणुकांत लेबर पक्षाने ही सोय नव्या घरांपुरती ठेवण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि दोन्ही वेळा पक्ष हरला. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की, हा नियम दगडावरची रेघ नाही. तीस वर्षांच्या कर्जाचं गणित फक्त या सवलतीवर उभं करू नका.

दर पगारातच कर कमी कापून घेता येतो का?

येतो. टॅक्स ऑफिसकडे विदहोल्डिंग व्हेरिएशनचा अर्ज केला की तुम्हाला पगार देणारी कंपनी त्या हिशोबाने कमी कर कापते. हप्ता भरताना दर पंधरवड्याला ओढाताण होत असेल तर उपयोगी. अंदाज चुकला तर शेवटी भरावे लागतात.

मागच्या दोन वर्षांचा तोटा दाखवायचाच राहिला. आता?

ज्या वर्षी राहिला त्या वर्षाचं रिटर्न दुरुस्त करायचं, या वर्षीच्या रिटर्नमध्ये घुसवायचा नाही. बहुतेक व्यक्तींना कर आकारणीची नोटीस आल्यापासून दोन वर्षं मिळतात, तेव्हा आजच कागद काढा. रिटर्न भरलंच नसेल तर जुनं आधी भरा. आकडा शून्याच्या खाली गेला असेल तर तिथून पुढच्या प्रत्येक वर्षाचा क्रमाने हिशोब करावा लागतो, मधलं वर्ष गाळता येत नाही.

रिटर्नमध्ये हा आकडा कुठे येतो?

मागच्या वर्षांचा तोटा एल१ या रकान्यात, शेतीचा आणि इतर असा वेगवेगळा. भाड्याच्या घराच्या पानावर नाही. अकाउंटंट बदलताना हा आकडा हमखास गळतो. नव्या माणसाकडे जाताना मागचं पूर्ण रिटर्न न्या, फक्त नोटीस नेऊ नका.

कागद किती वर्षं ठेवायचे?

घराचे सगळे कागद, खरेदीपासून दुरुस्तीपर्यंत, घर विकल्यावर आणखी पाच वर्षं. तोटा पुढे चालू असेल तर ज्या वर्षी तो झाला त्या वर्षाची बिलं आणि बँकेचे उतारे, तोटा पूर्ण वापरून झाल्यानंतरही काही वर्षं. कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना जुन्या बँकेचे उतारे आधी उतरवून घ्या. खातं बंद झालं की लॉगिन बंद होतं, आणि दहा वर्षांपूर्वीच्या व्याजाचा पुरावा मग कोणाकडेच पटकन मिळत नाही.